मानाची जोडी शेवटी

प्रस्तावना

बाबा कारंज्यातल्या एका कापड दुकानात मुनीम होते. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन थेट तिथे जायची आणि गादीच्या कोपऱ्यात लोडाला टेकून गिऱ्हाइकं बघत बसायची. शेटजी लुगड्याची घडी उचलत, एक टोक मुठीत ठेवून मनगटाला झटका देत, आणि नऊ वार कापड हवेतून सरकत पांढऱ्या चादरीवर पसरे. मग दुसरं, तिसरं, पंधरावं. बायका फारसं बोलत नसत. काठ अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायच्या, पदर उलटा करून मागची बाजू बघायच्या, टोकाचा एखादा धागा नखाने सोडवून ओढून पाहायच्या. रंगाचा विचार सगळ्यात शेवटी. पोत तपासताना डोळे मिटून घेणारी एक म्हातारी मला अजून आठवते. ती पोळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या आधी अशी वर्षातून दोनदा यायची, आणि ती आली की शेटजी आपोआप वरच्या फळीवरचा माल काढायचे.

हे पुस्तक ज्या विषयावर आहे, तिथे कापडाला हात लावायला बंदी आहे.

फॅशन शोमध्ये कपडा तुमच्यापासून चार-पाच हातांवरून जातो, फार तर अर्धं मिनिट दिसतो आणि निघून जातो. त्याला जे विचारायचं ते डोळ्यांनीच विचारावं लागतं. बोटांनी कापड शिकलेल्या माणसाची यात मोठी पंचाईत होते. माझी झाली. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी पहिल्यांदा असा शो पाहायला गेले, तेव्हा वहीत दीड पान लिहिलं आणि घरी येऊन वाचलं, तर त्यात कपड्यांविषयी एक ओळ नव्हती. दिवे, गाणी, कोण कोणाशेजारी बसलं होतं, शेवटी कोणती नटी आली, हे सगळं होतं. कापड नव्हतं. ती वही मी ठेवली आहे. पुढची सगळी वर्षं ती दुरुस्त करण्यात गेली असं म्हटलं तरी चालेल, आणि त्या दुरुस्तीचंच हे पुस्तक झालं आहे.

पुस्तकात मी मुद्दाम एकाच प्रकारच्या शोविषयी लिहिलं आहे. एका डिझायनरचा स्वतंत्र शो असतो आणि अनेकांचा मिळून एक असतो. दुसऱ्यात चार-सहा डिझायनर एकामागोमाग येतात, प्रत्येकाचे आठ-दहा कपडे, मध्ये दिवे मालवतात, संगीत बदलतं आणि पुढचा सुरू होतो. नव्या मुलामुलींना पहिली संधी बहुधा अशाच शोमध्ये मिळते. नामवंत समीक्षकांना हा प्रकार फारसा रुचत नाही. खिचडी होते म्हणतात. मला हाच आवडतो, आणि त्याचं कारण कारंज्याच्या बाजार समितीत आहे. कापसाची गाडी आली की व्यापारी एकट्या त्या गाडीकडे बघून भाव बोलत नाही. तो शेजारच्या गाडीतली मूठ घेतो, या गाडीतली मूठ घेतो, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत पुंजका धरून ओढतो आणि धाग्याची लांबी शेजारी शेजारी ठेवून बघतो. एकट्या डिझायनरच्या शोमध्ये तो म्हणेल ते खरं वाटायला लागतं. वीस मिनिटं सगळीकडे त्याचीच हवा असते. पाच जण एकामागोमाग आले की पहिल्याचा काळा रंग चौथ्याच्या काळ्यापुढे राखाडी दिसतो, आणि कोणाची शिलाई दिव्यांच्या आड लपली होती ते कळतं.

हे पहिल्यांदा मला नीट कळलं ते मामांमुळे.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मामा कोर्टाच्या कामासाठी मुंबईला आले होते आणि माझ्याकडे उतरले होते. त्याच संध्याकाळी माझ्याकडे एका फॅशन वीकचे दोन पास होते आणि बरोबर येणारी मैत्रीण आजारी पडली. मामांना विचारलं. मामांनी आयुष्यभर पऱ्हाटी आणि तूर यांशिवाय काही पेरलं नाही, पण कशालाही नाही म्हणायचं नाही हा त्यांचा नेम. धुतलेला पांढरा सदरा, धोतर, टोपी, आणि हातात कापडी पिशवी. गिरणगावात एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या हॉटेलात शो होता. दारावरच्या मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढच्या रांगेत बसवलं. तिला वाटलं असावं की हा कोणाचा तरी लुक आहे.

शो साडेसातचा होता. सव्वाआठ झाले तरी रॅम्पवरचं प्लॅस्टिक निघालं नव्हतं. (रॅम्पवर पावलं उमटू नयेत म्हणून आधी प्लॅस्टिक अंथरलेलं असतं. ते ओढून काढलं की समजायचं, आता सुरू होणार.) मामांनी पिशवीतून वर्तमानपत्राचा पुडा काढला, धपाटे उलगडले, आणि लसणाच्या चटणीचा वास त्या सगळ्या अत्तरांमधून पार पलीकडच्या रांगेपर्यंत गेला. मी खाली मान घातली. शेजारच्या बाईंनी अर्धा धपाटा मागून घेतला.

मग सुरू झालं. पहिल्या दहा मिनिटांत मामा एकदाच बोलले.

"काऊन वं, ह्या पोरी हासत काऊन नाहीत? कोनी मारलं का यायले?"

मी सांगितलं की त्यांना हसू नका असंच सांगितलेलं असतं, चेहऱ्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून. मामांना ते पटलं. "बैलबी हासत नाही," म्हणाले. दुसरा डिझायनर संपला, तिसरा आला, आणि एकाएकी ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "हा त पोळाच झाला!"

विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. श्रावणातल्या, म्हणजे पिठोरी अमावास्येला, गावातल्या सगळ्या बैलजोड्या तोरणाखाली रांगेने उभ्या राहतात. शिंगं रंगवलेली, त्यांना बेगड, कपाळाला बाशिंग, अंगावर झूल, गळ्यात घागरमाळ आणि कवड्यांच्या माळा. प्रत्येक घराची झूल वेगळी असते. एकाची जुन्या पातळांची, एकाची आरशांची, एकाची नुसती लाल आणि तीच सगळ्यांत देखणी. गावकरी दोन्ही बाजूंनी उभे राहून बघतात आणि बारीकसारीक गोष्टींवर वाद घालतात. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या जातात. मानाची जोडी आधी तोरणाखालून जाते आणि मग पोळा फुटतो, सगळ्या जोड्या एकदम निघतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्यात पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. अनेकांनी केलेलं काम एका रांगेत चालताना पाहायचं आणि शेजारी शेजारी ठेवून पारखायचं, याची तालीम वऱ्हाडातल्या माणसाला अशी लहानपणापासून असते. फॅशन शोला जाताना तो कोरा जात नाही. फक्त हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

शेवटी दिवे मोठे झाले, संगीत चढलं आणि एक प्रसिद्ध नटी आली. टाळ्या. फोटोवाल्यांचा आरडाओरडा. तिच्यामागून सगळ्या मुली एकदम निघाल्या.

"फुटला पोळा," मामा म्हणाले. "पन मानाची जोडी शेवटी काऊन?"

या प्रश्नाला मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं. खरं उत्तर असं आहे की मानाची जोडी आधी नेली तर तिच्यानंतर कोणी थांबणार नाही अशी भीती तिथे असते. पोळ्यात मान गावाने ठरवलेला असतो, तो बघून झाला तरी लोकांना आपापल्या शेजाऱ्याची जोडी बघायची असतेच. शेवटी नटी आणायची ही शोस्टॉपरची चाल मला मनापासून आवडत नाही. त्या एका कपड्यावर नटीचं नाव लागतं, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तोच एक फोटो येतो आणि आधीचे चाळीस कपडे चालून गेले ते गेलेच. या पुस्तकात एकाही शोस्टॉपरचं वर्णन नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण मामांचा खरा प्रश्न टॅक्सीत आला. रॅम्पवर एक पांढरा, साधा, सुती, घोळदार अंगरखा गेला होता. तो त्यांच्या मनात राहिला होता. "याच्यात कापूस किती असीन वं?"

आम्ही दोघांनी हिशोब केला. एक क्विंटल कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. रुईतून सूत काढताना, विणताना, कापताना घट येते. ढोबळमानाने एका क्विंटलमागे शंभर शर्ट धरायला हरकत नाही. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला चार हजारांच्या आसपास होता. म्हणजे एका शर्टात कापूस चाळीस रुपयांचा. अंगरखा घोळदार होता म्हणून मामांनी उदारपणे शंभर रुपये धरले. मग किंमत विचारली. मी पाच आकडी सांगितली. ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत. "मंधात कोन कोन हायेत, ते पाह्यलं पाह्यजे," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. २०२४-२५ च्या हंगामात तोच हमीभाव ७५२१ रुपये झाला, म्हणजे शर्टामागे पंचाहत्तर. मधले लोक तेवढेच आहेत.

मधे कोण कोण आहे, हे या पुस्तकाचं दुसरं नाव होऊ शकलं असतं. पोळ्यात बैलाच्या बाजूने त्याचा धनी चालतो, कासरा त्याच्या हातात असतो, झूल कोणी शिवली हेही गावाला ठाऊक असतं. रॅम्पवर कपडा एकटाच येतो. डिझायनर शेवटी दोन पावलं पुढे येऊन हात जोडतो. पॅटर्न कापणारा, रात्रभर बसून मणी लावणारा, विणकर, सूत काढणारी गिरणी, जिनिंगवाला, वेचाई करणाऱ्या बाया, यांतलं कोणी दिसत नाही. अलीकडे काही डिझायनर विणकराला हात धरून रॅम्पवर आणतात. विणकर भांबावलेला असतो, दिवे डोळ्यांत जातात, आणि बिचारा बघणाऱ्यांना नमस्कार करतो. मला हे बघताना दर वेळी अवघडल्यासारखं होतं. पण न आणण्यापेक्षा आणणं बरं, असं मी आता म्हणते.

कारंज्याचं आणि कापडाचं नातं थोडं जुनं आहे. (महाराष्ट्रात कारंजा नावाची गावं बरीच आहेत. उरणजवळ एक आहे, वर्धा जिल्ह्यात घाडग्यांचं एक आहे. आमचं लाडांचं. मुंबईत नाव सांगितलं की लोक "दत्ताचं का?" विचारतात. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, गुरुमंदिर, हो, तेच.) जैनांच्या भट्टारकांची पीठं इथे होती, व्यापारी पेठ मोठी होती, आणि एका व्यापाऱ्याने उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी विकत घेऊन हवेलीच्या चुन्यात कालवली, अशी आख्यायिका आजही सांगतात. १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांची फौज कारंज्यावर आली. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी लिहिलं आहे की चार हजार बैल आणि गाढवं भरून उंची कापड, सोनं आणि चांदी इथून नेण्यात आली. बैलांची संख्या वाचून आधी मला पोळाच आठवला. खंडणीसाठी गावातले सगळे धनिक धरले गेले, एकटा सगळ्यात मोठा सावकार तेवढा निसटला. तो बाईच्या वेषात निघून गेला. मराठ्यांची फौज बायकांना हात लावत नाही, हे त्याला माहीत असणार. पेहरावाने जीव वाचल्याचं आमच्या गावच्या इतिहासातलं हे उदाहरण मी प्रत्येक मुलाखतीत सांगते. तो शालू होता की साधं लुगडं, हे मात्र जदुनाथांनी लिहिलेलं नाही.

पुढे गावातून जाणारा माल बदलला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्या, नावावरून या कापसाला परदेशी बाजारात 'उमरा' म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ नॅरोगेज टाकली, कारंजा तिच्या वाटेवर. आमची शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलं होतं आणि ते १९९४ पर्यंत चाललं. गंमत बघा, कापूस ओढायला इंजिन मँचेस्टरहून आलं, कापूस मँचेस्टरला गेला, आणि तिथलं कापड परत कारंज्याच्या बाजारात गादीवर पसरलं गेलं. स्वदेशीवाल्यांनी ते जाळायला सांगितलं तेव्हा त्या होळीत आमच्याच शेतातला धागा असणार, असं बाबा म्हणायचे.

मँचेस्टरसारख्या गिरण्या मुंबईतही होत्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. गिरण्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या आणि हॉटेलं आली. त्यातल्याच एका हॉटेलात मामा धपाटे खात बसले होते. ज्या आवारात कधी वऱ्हाडच्या गाठी फुटत होत्या, तिथे आता कापड फक्त चालून दाखवलं जातं. मी हे त्यांना सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतं. त्यांचे एक चुलते त्याच भागात साच्यावर होते.

या विषयावर लिहायचं आणि २००६ टाळायचं, हे कारंज्याच्या माणसाला जमणार नाही. त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये मुंबईत लॅक्मे फॅशन वीक भरला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिलं की तो आठवडा टिपायला ५१२ पत्रकारांना प्रवेशपत्रं होती, रॅम्पवर सुती कपडे मिरवत होते, आणि तो कापूस पिकवणारे शेतकरी विमानाने तासाभराच्या अंतरावर विदर्भात जीव देत होते. पुढे १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत आमचा वाशीम होता. (१९९८ पर्यंत आम्ही अकोला जिल्ह्यात होतो.) साईनाथांचं ते लिखाण वाचून मी काही महिने फॅशनवर एक अक्षर लिहिलं नाही. मग लक्षात आलं की माझ्या न लिहिण्याने पाचशे बाराचे पाचशे अकरा होतात, आणि आपण तिथे नसलो तर तो कपडा कशाचा आहे हे विचारणाराही एक कमी होतो. मला आजही हे समर्थन पुरेसं वाटत नाही. पण मी पुन्हा जायला लागले.

त्याच २००६ मध्ये लॅक्मेच्या व्यासपीठावर राहुल मिश्रा नावाचा एक नवा मुलगा आला. केरळच्या हातमागाच्या साध्या सुती कापडातून त्याने कपडे केले होते. २०१४ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळाला, तो मिळवणारा पहिला भारतीय. २०२० मध्ये पॅरिसच्या हॉट कुट्यूर सप्ताहात तो पोचला, आणि २०२१ च्या जुलैमध्ये त्याच सप्ताहात वैशाली शडांगुळे. त्या विदिशाच्या, मराठी घरातल्या, मुंबईत नाव काढलेल्या. तिथे कपडे दाखवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री डिझायनर. चंदेरी, खण अशा हातमागाच्या कापडांवर त्यांचं काम आहे. खण! आमच्या आयांनी चोळीला वापरलेला, ओटीत भरलेला आणि पेटीत कुजवलेला खण. गोव्यात डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी अशीच विस्मरणातून वर काढली. विदर्भाकडे हातमाग नाही असंही नाही. भंडारा-नागपूरकडची करवतकाठी टसर साडी, जिच्या काठावर करवतीसारखे दाते असतात, ती माझ्या मते महाराष्ट्रातल्या कुठल्याही साडीशेजारी उभी राहील. पैठणीचा गवगवा तिच्या वाट्याला आला नाही एवढंच.

या सगळ्यांच्या कितीतरी आधी कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये होत्या. मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढता काढता त्या सिनेमाकडे वळल्या आणि भानू अथैया म्हणून 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये भारताचं पहिलं ऑस्कर घेऊन आल्या. कोट-टायपासून पंचापर्यंत माणूस कसा उतरत गेला, हे त्यांनी कापडातून दाखवलं. मला कोणी विचारलं की जगातला सर्वोत्तम फॅशन शो कोणता, तर मी हा सिनेमा सांगते. लोक हसतात.

रॅम्पचा इतिहास मी पहिल्या प्रकरणात दिला आहे, इथे फार लांबवत नाही. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात चार्ल्स वर्थ जिवंत मुलींच्या अंगावर कपडे घालून गिऱ्हाइकांना दाखवू लागला. मग लंडनमध्ये 'लुसिल' नावाने धंदा करणाऱ्या लेडी डफ गॉर्डन यांनी त्याचा बाकायदा सोहळा केला. आपल्याकडे १९८७ मध्ये मुंबईत 'आँसाँब्ल' हे अनेक डिझायनरांचं पहिलं दुकान निघालं, १९९८ मध्ये डिझायनरांची संघटना झाली आणि २००० मध्ये दिल्लीत पहिला इंडिया फॅशन वीक. अनेकांच्या एकत्र शोचा दाखला म्हणून एक तारीख मात्र लक्षात ठेवावी, २८ नोव्हेंबर १९७३. व्हर्सायच्या राजवाड्याच्या दुरुस्तीसाठी निधी गोळा करायला पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकन डिझायनर एका रात्री एका मंचावर आले. फ्रेंचांनी भव्य देखावे आणले. अमेरिकनांकडे सामान थोडं होतं, पण मुली मोकळ्या चालल्या आणि कपडे अंगावर हलले. रात्र अमेरिकनांची झाली. शेजारी शेजारी ठेवलं की असं होतं.

आता थोडं बघण्याविषयी. मामांनी त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट सांगितली होती: "मांगून पाह्य. कापड मांगून समजते." आमच्या दुकानातल्या बायका पदर उलटा करत, तेच हे. मुलगी रॅम्पच्या टोकाला थांबते, फोटो देते आणि वळते. सगळे पुढच्या मुलीकडे बघायला लागतात. तुम्ही वळलेलीकडेच बघा. पुढची बाजू फोटोसाठी शिवलेली असते. पाठीवर शिलाई कुठे आली, चेन सरळ बसली का, खांदा ओढला जातो का, खालची दुमड लोंबते का, हे परत जाताना दिसतं. कितीतरी कपडे पाठीवर टाचण्यांनी आवळलेले असतात, कारण ते दुसऱ्याच मुलीच्या मापाने शिवलेले असतात. त्यात फसवणूक नाही, तो धंद्याचा भाग आहे. पण तुम्हाला ते दिसलं पाहिजे.

दुसरं, पावलाबरोबर घोळ कसा हलतो ते बघा. उभ्या-आडव्या धाग्यावर सरळ कापलेलं कापड आणि तिरपं कापलेलं कापड वेगळं पडतं. तिरप्या कापाला आपले शिंपी औरेब म्हणतात आणि गळ्याला त्याचीच पट्टी लावतात. पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी शंभर वर्षांपूर्वी अख्खे झगे औरेबवर कापले आणि कापड अंगावर पाण्यासारखं उतरवलं. म्हणजे कारंज्यातल्या ब्लाउज शिवणाऱ्या बाईला जे पाऊण इंचात ठाऊक आहे, तेच तिथे पाच मीटरवर चालतं. रॅम्पवर ते दिसलं की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. आणि भरतकाम दिसलं की आधी विचारायचं, ते खालच्या चुकीवर पांघरूण तर नाही? माझा अनुभव असा, की निम्म्या वेळा असतं.

तिसरी गोष्ट सांगायला हवी ती पंचाईतीची. मी सुरुवातीला म्हटलं की हात लावता येत नाही. बऱ्याच ठिकाणी शोनंतर कपडे स्टॉलवर टांगलेले असतात, तिथे लावता येतो. रॅम्पवर मन मोहून टाकलेला कपडा तिथे हातात घेतला आणि तो चुरचुरीत पॉलिएस्टर निघाला, असं माझं कितीदा झालं आहे. आणि ज्याच्याकडे मी धड पाहिलंही नव्हतं, तो बोटांखाली आल्यावर सोडवेना, असंही. दोन्ही नोंदी मी पुस्तकात तशाच ठेवल्या आहेत, डिझायनरांची नावं गाळून. डोळे चुकले ते माझे. त्यांचं नाव त्यात कशाला?

हे पुस्तक कोणासाठी आहे, असं प्रकाशकांनी विचारलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर शिवणाच्या क्लासमधल्या मुली आहेत. कारंजा, मंगरूळपीर, मानोरा, दारव्हा, सगळीकडे आहेत. त्या मोबाइलवर हे शो बघतात, थांबवून बघतात, आणि दुसऱ्या दिवशी बाहीचा कट काढून आणतात. त्यांची नक्कल कित्येकदा मूळ कपड्यापेक्षा बरी बसते, कारण ती एका खऱ्या बाईच्या अंगासाठी केलेली असते. पाच फूट नऊ इंचांच्या मुलीवर काहीही पडतं. त्या मुलींनी शो नुसता बघू नये, पारखावा, एवढ्यासाठी मी लिहिलं. त्यांच्या मास्तरीणबाईंनी चुका काढल्या तर कळवाव्यात, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन.

मामा आता नाहीत. त्या रात्रीच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे त्यांनी पेन्सिलीने केलेला क्विंटलचा हिशोब माझ्याकडे आहे. शेवटच्या ओळीत त्यांनी वेचाईची मजुरी वजा करून पाहिली होती आणि मग ती ओळ खोडली होती.

कधी पास मिळाला तर जरूर जा. पहिली रांग मिळाली नाही तरी बिघडत नाही, पाठ मागूनही दिसते. आणि शो वेळेवर सुरू होत नाही. जेवून जा.

कारंजा (लाड)
तान्हा पोळा